पुनःसंयोजित डीएनए सल्लागार समिती : पन्नास वर्षांचा वृत्तान्त

अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, म्हणजे जगभर एनआयएच या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या सरकारी वैद्यकसंशोधन संस्थांच्या दप्तरी, ७ ऑक्टोबर १९७४ रोजी एका नव्या सल्लागार समितीची नोंद झाली. एका जीवाच्या जनुकद्रव्याचा तुकडा दुसऱ्याच्या जनुकद्रव्यास जोडून जो रेणू तयार होतो त्यास पुनःसंयोजित डीएनए म्हणतात. त्याविषयीच्या संशोधनातून माणसास किंवा सृष्टीस अपाय होऊ नये म्हणून कोणती दक्षता घ्यावी हे एनआयएचच्या संचालकांस सांगावे, एवढेच या समितीचे काम ठरले होते. तिला स्वतःची इमारत नव्हती, स्वतःचा खजिना नव्हता, कोणास दंड करण्याची अथवा कोणाची प्रयोगशाळा मोहोरबंद करण्याची सत्ता नव्हती. सभासद देशभरच्या विद्यापीठांतून येत, दोनतीन दिवस बसत आणि आपापल्या कामावर रुजू होत. तरीही जनुकोपचाराचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास या समितीची, म्हणजे तिच्या रूढ संक्षिप्त नावाने 'रॅक'ची, इतिवृत्ते चाळल्यावाचून गत्यंतर नाही.

तिच्या शब्दास वजन आले ते दोन गोष्टींमुळे. एक अनुदानाची : ज्या संस्थेस एनआयएचचा पैसा हवा असेल तिने नियम पाळलेच पाहिजेत, आणि अमेरिकेत एनआयएचचा पैसा नको असणारे विद्यापीठ शोधूनही सापडणे कठीण. दुसरी, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते अधिक महत्त्वाची, गोष्ट दाराची. या समितीच्या सभा उघड्या दारांनी भरत. तारीख आणि विषयपत्रिका सरकारी राजपत्रात आगाऊ प्रसिद्ध होई. वार्ताहर, रुग्णांचे नातेवाईक, कंपन्यांचे वकील आणि विरोधाचे फलक घेऊन आलेले नागरिक एकाच दालनात बसून ऐकत. पुढील वृत्तान्तात समितीच्या यशापयशाची जी स्थळे येतील, ती बहुतेक या दाराच्या उघडझापीशीच निगडित असल्याचे वाचकांच्या ध्यानात येईल. सभासदांमध्ये पन्नास वर्षांत मतभेद झालेच नाहीत असे नाही. परंतु स्मरणिका हे ती जुनी खाती उकरण्याचे स्थळ नव्हे, आणि त्यांपैकी बरेच मतभेद शब्दशः छापलेले असल्याने जिज्ञासूंची त्यावाचून गैरसोयही होणार नाही.

पूर्वपीठिका : १९७१ ते १९७४

स्टॅनफर्ड विद्यापीठातील पॉल बर्ग यांनी १९७१ मध्ये असा बेत आखला होता की माकडांत आढळणाऱ्या एसव्ही-४० या विषाणूचे जनुकद्रव्य ई. कोलाय या जिवाणूत प्रविष्ट करून पाहावे. हा विषाणू हॅम्स्टर जातीच्या प्राण्यांत अर्बुदे उत्पन्न करतो, आणि ई. कोलायचे तर माणसाचे आतडे हे वसतिस्थानच. बर्ग यांच्या विद्यार्थिनी जॅनेट मर्त्झ यांनी कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील एका अभ्यासवर्गात हा बेत सहज बोलून दाखविला तेव्हा तेथील रॉबर्ट पोलॅक यांना तो इतका धोक्याचा वाटला की त्यांनी बर्ग यांना दूरध्वनी करून आपली भीती स्पष्ट शब्दांत कळविली. बर्ग प्रथम चिडले, मग त्यांनी इतरांशी विचारविनिमय केला, आणि अखेर प्रयोगाचा तो भाग तहकूब ठेवला. कोणत्याही कायद्याने किंवा वरिष्ठाने अडविलेले नसताना एका शास्त्रज्ञाने दुसऱ्याच्या शंकेखातर आपला हात आवरावा, ही घटना लहान असली तरी समितीच्या वंशावळीत मूळपुरुषाचा मान तिलाच दिला पाहिजे.

पुढे १९७३ मध्ये स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी प्लाझ्मिडांच्या, म्हणजे जिवाणूंतील डीएनएच्या सुट्या कड्यांच्या, साहाय्याने जनुके जोडण्याची जी रीत सिद्ध केली ती इतकी सुकर होती की कोणत्याही बऱ्यापैकी प्रयोगशाळेस हे काम आवाक्यात आले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात न्यू हॅम्पशायर येथील गॉर्डन परिषदेत तरुण संशोधकांनी शंका उपस्थित केल्या, आणि परिषदेचे संयुक्त अध्यक्ष मॅक्सीन सिंगर व डीटर झोल यांनी राष्ट्रीय विज्ञान अकादमीस उद्देशून पत्र लिहिले. अकादमीने बर्ग यांच्याच अध्यक्षतेखाली मंडळ नेमले, आणि जुलै १९७४ मध्ये ११ जणांच्या सहीचे ते सुप्रसिद्ध निवेदन प्रसिद्ध झाले. सहीकरांत जेम्स वॉटसन, डेव्हिड बॉल्टिमोर यांच्याबरोबर खुद्द कोहेन आणि बॉयरही होते. काही प्रकारचे प्रयोग जगभरच्या संशोधकांनी स्वेच्छेने थांबवावेत, आंतरराष्ट्रीय परिषद बोलवावी, आणि एनआयएचच्या संचालकांनी सल्लागार समिती स्थापावी, अशा मागण्या त्यात होत्या. तिसरी मागणी तीन महिन्यांच्या आत मान्य झाली.

१९७४ ते १९७९ : स्वयंनिर्बंध आणि पहिली नियमावली

समितीचे पहिले अध्यक्ष डीविट स्टेटन हे एनआयएचचे वैज्ञानिक उपसंचालक. त्यांची दृष्टी त्या काळात अधू होत चालली होती, आणि पुढे त्या अनुभवावर त्यांनी डॉक्टरांचे डोळे उघडणारा एक लेखही लिहिला. मतमतांतरांच्या गलबल्यातून सभेचे काम धिमेपणाने पुढे नेण्याची हातोटी त्यांच्या ठायी होती, आणि समितीस प्रारंभी तिचीच गरज होती.

फेब्रुवारी १९७५ च्या २४ ते २७ तारखांस कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठी असिलोमार येथे सुमारे दीडशे लोकांची परिषद भरली. बंदी कायम ठेवावी की उठवावी यावर कडाक्याची चर्चा होऊन शेवटी असे ठरले की बंदी उठवावी, परंतु प्रयोगाच्या अंदाजित धोक्यानुसार बंदोबस्ताच्या पायऱ्या ठरवून द्याव्यात. दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारीस, सान फ्रान्सिस्को येथे रॅकची पहिली सभा झाली. असिलोमारने तत्त्व सांगितले होते. त्याचा नियम करणे, म्हणजे अमुक प्राण्याचे जनुक अमुक जिवाणूत घालताना दाराला कुलूप किती आणि हवेला गाळणी कोणती हे लिहून काढणे, हे रुक्ष काम समितीच्या वाट्यास आले. जुलैमध्ये वुड्स होल येथे तयार झालेला मसुदा फार सैल आहे अशी ओरड झाली. डिसेंबरात ला होया येथे तो पुन्हा घट्ट करण्यात आला. नवे संचालक डोनल्ड फ्रेड्रिकसन यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये त्यावर जाहीर सुनावणी घेतली, आणि २३ जून १९७६ रोजी नियमावली जाहीर झाली.

तिच्यात बंदोबस्ताचे दोन प्रकार होते. प्रयोगशाळेच्या रचनेचा बंदोबस्त पी-१ ते पी-४ अशा चार पायऱ्यांचा. पी-१ म्हणजे साधे ओटे आणि स्वच्छ हात, तर पी-४ म्हणजे हवाबंद पेट्या आणि बाहेर पडताना स्नान. दुसरा प्रकार जैविक, आणि तो मोठा मौजेचा होता : प्रयोगासाठी वापरायचा जिवाणूच असा पंगू करून ठेवावा की तो निसटला तरी बाहेर जगू नये. अलाबामा येथील रॉय कर्टिस यांनी असा जिवाणू सिद्ध करण्यासाठी पुष्कळ खटपट केली. प्रारंभी ते काम काही आठवड्यांचे आहे असे समजले जात होते, पण ई. कोलाय प्रत्येक वेळी आपला पंगूपणा चुकवून जगण्याची नवी वाट काढी. शेवटी जो वंश हाती आला त्यास अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचे स्मरण म्हणून 'काय-१७७६' असे नाव दिले. त्याच्या भित्तिकेस डायॲमिनोपायमेलिक आम्ल लागे, जे माणसाच्या आतड्यात तयार मिळत नाही. ते न मिळाल्यास वाढता वाढता तो फुटून जाई. पित्तक्षारही त्यास सहन होत नसत. समितीच्या शिफारशीने १९७६ च्या अखेरीस त्यास मान्यता मिळाली. मात्र हा नाजूक पाहुणा प्रयोगशाळेतही नीट वाढत नाही अशी संशोधकांची कुरकुर कित्येक वर्षे चालू राहिली.

याच दिवसांत लोकांची भीतीही शिगेला पोचली होती. नियमावली जाहीर झाली त्याच दिवशी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज नगराचे महापौर आल्फ्रेड वेलुची यांनी हार्वर्डच्या प्राध्यापकांस नगरसभेपुढे बोलावून जाब विचारला, आणि तेथील नागरिकांच्या मंडळाने कित्येक महिने साक्षी ऐकून केलेल्या शिफारशीवरून नगरसभेने फेब्रुवारी १९७७ मध्ये, अधिक कडक अटींवर, संशोधनास संमती दिली. सामान्य नागरिकांस हा विषय पेलणार नाही असे म्हणणाऱ्यांस ते एक चोख उत्तर होते. अमेरिकी काँग्रेसपुढेही विधेयके आली, परंतु एकाचाही कायदा झाला नाही; त्यामुळे एनआयएचची नियमावली आणि रॅक हीच व्यवस्था कायम राहिली.

भीती शब्दांनी निवारता येत नाही, ती मोजावी लागते, हे ओळखून समितीचे सभासद वॉलेस रो आणि त्यांचे सहकारी माल्कम मार्टिन यांनी फोर्ट डेट्रिक येथील पी-४ प्रयोगशाळेत एक परीक्षा घेतली. उंदरांत अर्बुदे करणाऱ्या पॉलिओमा विषाणूचे जनुकद्रव्य ई. कोलायमध्ये घालून ते जिवाणू उंदरांस दिले असता रोग होतो काय, असा सरळ प्रश्न होता. खुद्द विषाणूने जे सहज घडते ते या जिवाणूंनी घडले नाही. या आणि अशा पुराव्यांच्या आधारे नियम पायरीपायरीने शिथिल होऊ लागले. त्याच सुमारास आरोग्यखात्याचे मंत्री जोसेफ कॅलिफॅनो यांनी समितीची पुनर्रचना केली. सभासदसंख्या ११ वरून २५ वर गेली, आणि विज्ञानेतर क्षेत्रांतील व्यक्तींस त्यात भरीव स्थान मिळाले. प्रत्येक संस्थेत जी स्थानिक जीवसुरक्षा समिती असावी तिच्यातही संस्थेशी संबंध नसलेल्या व्यक्ती घेण्याची तरतूद झाली. रोजच्या देखरेखीचा खरा भार पुढे या स्थानिक समित्यांनी वाहिला; त्यांतील हजारो सभासदांची नावे कोणत्याही स्मरणिकेत मावणार नाहीत, पण त्यांच्या कामाचा निर्देश केल्यावाचून पुढे जाणे उचित नव्हे.

१९८० ते १९८९ : जिवाणूकडून रुग्णाकडे

नव्या दशकात उद्योगधंदे दारी आले. १० लिटरहून मोठ्या भांड्यात असे जिवाणू वाढवावयाचे झाल्यास परवानगी लागे, आणि मानवी इन्शुलिन तयार करण्याच्या कामात ती मर्यादा केव्हाच ओलांडली गेली. कंपन्यांवर नियमावली बंधनकारक नसूनही त्या आपखुशीने समितीपुढे येत; लोकांच्या नजरेत विश्वासपात्र ठरण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग होता, असे कोणी म्हटल्यास ते खोटे ठरणार नाही. १९८२ मध्ये ते इन्शुलिन औषध म्हणून मंजूर झाले. शेतातील पिकांवर हिम गोठू न देणारा जिवाणू मोकळ्या रानात सोडण्याचा प्रस्तावही समितीने १९८३ मध्ये संमत केला. परंतु या तंत्राचे विरोधक जेरेमी रिफकिन यांच्या फिर्यादीवर न्यायाधीश जॉन सिरिका यांनी १९८४ मध्ये त्यास मनाई केली. पर्यावरणावरील परिणामांची छाननी अपुरी झाली असे न्यायालयाचे म्हणणे होते, आणि पुढे तो प्रांत हळूहळू इतर खात्यांकडे गेला.

खरा प्रश्न माणसाचा होता. १९८० च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिस येथील मार्टिन क्लाइन यांनी बीटा-थॅलसेमियाच्या रुग्णांवर इस्रायल आणि इटली येथे जनुकप्रवेशाचा प्रयोग केला, आणि त्यास स्वतःच्या विद्यापीठाची मंजुरी नव्हती हे उघडकीस आल्यावर त्यांस पद आणि अनुदाने गमवावी लागली. त्याच वर्षी प्रॉटेस्टंट, ज्यू आणि कॅथलिक धर्मसंस्थांच्या प्रमुखांनी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांस पत्र लिहून या विषयावर लक्ष ठेवण्यास कोणीतरी असावे अशी विनंती केली. राष्ट्राध्यक्षांच्या आयोगाने नोव्हेंबर १९८२ च्या अहवालात रॅकच्या कार्यकक्षेचा विस्तार सुचविला, आणि १९८४ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठातील नीतिशास्त्राचे अभ्यासक लेरॉय वॉल्टर्स यांच्या नेतृत्वाखाली मानवी जनुकोपचाराचा कार्यगट नेमण्यात आला.

या गटाने १९८५ मध्ये जी प्रश्नावली तयार केली ती समितीच्या कारकिर्दीतील सर्वांत टिकाऊ कृती मानावी लागेल. तीत हुकूम जवळजवळ नाहीत. आहेत ते प्रश्न. या रोगावर दुसरा उपचार आहे काय? जनुक नेमक्या कोणत्या पेशींत जाईल, आणि जननपेशींत शिरणार नाही हे कशावरून? प्राण्यांत काय घडले? रुग्णांची निवड कोणत्या निकषावर, आणि अधिक रुग्ण असल्यास न्यायाने निवड कशी करणार? रुग्णास समजेल अशा भाषेत त्यास काय सांगणार, आणि त्याने माघार घेतल्यास काय? पुढच्या पिढ्यांत उतरणाऱ्या जनुकबदलांचे प्रस्ताव तूर्त विचारातच घेतले जाणार नाहीत, असेही त्यात नमूद होते, आणि तो 'तूर्त' आजतागायत संपलेला नाही.

पहिला प्रस्ताव उपचाराचा नव्हताच. कर्करोगाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी शरीरात कोठे जातात हे पाहण्यासाठी त्यांस जनुकाची केवळ खूण करावयाची, असा स्टीव्हन रोझेनबर्ग, फ्रेंच अँडरसन आणि मायकेल ब्लेझ यांचा बेत होता. उपसमितीने अधिक पुरावा मागितला, मुख्य समितीने मंजुरी दिली, संचालकांनी कागद परत पाठविले, पुन्हा चर्चा झाली. शेवटी २२ मे १९८९ रोजी पहिल्या रुग्णास त्या पेशी देण्यात आल्या.

१९९० ते १९९९ : उत्साह आणि आघात

३१ जुलै १९९० रोजी समितीने ज्या प्रयोगयोजनेस संमती दिली ती एडीए या विकराच्या अभावामुळे रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या बालकांसाठी होती. १४ सप्टेंबरास बेथेस्डा येथील रुग्णालयात चार वर्षांच्या एका मुलीस तिच्याच पांढऱ्या पेशी, जनुक घालून, परत देण्यात आल्या. मुलगी वाढली, शाळेत गेली. मात्र तिला विकराचे औषधही सोबत चालू असल्याने श्रेय कोणाचे किती याचा निवाडा अवघड राहिला, आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ही पुस्ती सहसा आली नाही.

त्यानंतर योजनांचा ओघ सुरू झाला. बेथेस्डा येथील सभादालनांत योजना एकेक करून वाचल्या जात. संशोधक उभे राहून उत्तरे देत. आणि सभासदांचा पुष्कळसा वेळ, अनेकांना नवल वाटे, विषाणूच्या रचनेवर न जाता संमतिपत्रातील वाक्यांवर जाई. 'उपचार' म्हणावे की 'प्रयोग', 'लाभ होण्याचा संभव' म्हणावे की 'लाभ होईलच असे नाही', या शब्दांवर घटका घटका खल चाले. घाईत असलेल्या संशोधकांस हा काथ्याकूट वाटे. एफडीए, म्हणजे औषधांस परवाना देणारे सरकारी खाते, हेच काम बंद दारामागे अधिक लवकर करू शकते, अशीही तक्रार होती. १९९५ च्या अखेरीस स्टुअर्ट ऑर्किन आणि आर्नो मोटल्स्की यांच्या अहवालाने सांगितले की इतका पैसा खर्चूनही एकाही योजनेत रोग हटल्याचे निर्विवाद सिद्ध झालेले नाही, आणि संशोधकांनी आश्वासने जपून द्यावीत. १९९६ मध्ये संचालक हॅरल्ड वार्मस यांनी समितीच बरखास्त करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यावर लोकांकडून इतकी पत्रे आली की समिती राहिली. परंतु सभासद २५ चे १५ झाले, आणि १९९७ पासून एकेका योजनेस मंजुरी देण्याचा अधिकार तिच्याकडून गेला. या काळात काय बोलणी झाली याच्या तपशिलात आम्ही शिरत नाही. कामकाज चालू राहिले, आणि गर्भावस्थेतील बालकावर जनुकोपचार करण्याची कल्पना १९९८ मध्ये पुढे आली तेव्हा अद्याप वेळ आलेली नाही असा स्पष्ट अभिप्राय समितीने दिला.

आता सप्टेंबर १९९९. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ओटीसी या यकृतविकराच्या न्यूनतेवर चाललेल्या प्रयोगात, स्वतः बऱ्यापैकी निरोगी असून केवळ इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून नाव नोंदविलेल्या १८ वर्षांच्या एका तरुणास १३ तारखेस जनुक वाहून नेणारा ॲडिनोव्हायरस हा विषाणू मोठ्या मात्रेत देण्यात आला, आणि १७ तारखेस तो मरण पावला. ही योजना १९९५ मध्ये समितीपुढे येऊन गेली होती. विषाणू यकृताच्या रोहिणीतून थेट सोडण्याऐवजी हातातील शिरेतून द्यावा असा बदल त्या वेळच्या चर्चेतून झाला होता. पुढे एफडीएशी झालेल्या विचारविनिमयात तो मार्ग पुन्हा यकृताच्या रोहिणीचाच झाला, आणि समितीस ते कळले नाही. समितीने पाहिलेल्या संमतिपत्राच्या प्रतीत माकडे दगावल्याचा उल्लेख होता. रुग्णाच्या हाती पडलेल्या प्रतीत तो राहिला नव्हता. शिरेतून दिले असते तर तो तरुण वाचला असता असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण पूर्वी ज्या दालनात वाक्यांवर घटका घटका खल होई, तेथे ते वाक्य गळाल्याचे कोणाच्या तरी नजरेस पडले असते.

डिसेंबरच्या ८ ते १० तारखांस समितीची जी सभा झाली तिच्या अध्यक्षस्थानी एमआयटीच्या जीवसुरक्षा अधिकारी क्लॉडिया मिकेल्सन होत्या. तरुणाचे वडील सभागृहात होते, आणि संशोधकांनी त्यांच्यासमक्ष सर्व आकडे मांडले. चौकशीत निष्पन्न झाले की ॲडिनोव्हायरसच्या प्रयोगांतील ६९१ गंभीर दुष्परिणामांपैकी केवळ ३९ नियमाप्रमाणे तातडीने एनआयएचला कळविण्यात आले होते. बाकीचे कोठेतरी फायलींत होते. काहींच्या मते तर ते व्यापारी गुपिताचा भाग होते.

२००० ते २००९ : नोंदीची शिस्त

या आघातानंतर नियमावलीत ऑक्टोबर २००० मध्ये बदल झाला. समितीची छाननी पुरी होण्यापूर्वी स्थानिक जीवसुरक्षा समितीने अंतिम मंजुरी देऊ नये आणि संशोधकांनी रुग्ण घेऊ नयेत, असे ठरले. मंजुरीचा अधिकार परत मिळाला नाही, पण प्रयोगाआधी उघड वाचन व्हावे हा हक्क मिळाला. दुष्परिणाम कळविण्याच्या मुदती स्पष्ट झाल्या, आणि एनआयएच व एफडीए या दोघांच्या नोंदी एकत्र पाहता याव्यात म्हणून २००४ मध्ये एक नोंदकोश लोकांसाठी खुला झाला.

शिस्तीचा कस लवकरच लागला. पॅरिस येथे अलँ फिशर आणि मरिना काव्हाझ्झाना-काल्व्हो यांनी एक्स-गुणसूत्राशी निगडित प्रतिकारशक्तिहीनतेच्या बालकांस जनुकोपचाराने बरे केल्याची वार्ता २००० मध्ये आली होती. ऑर्किन आणि मोटल्स्की ज्याची वाट पाहत होते ते यश हेच. परंतु २००२ मध्ये त्यांतील एका बालकास रक्ताचा कर्करोग झाला, आणि काही महिन्यांतच दुसऱ्यासही. जनुक वाहून नेणारा रेट्रोव्हायरस पेशीच्या जनुकसंचात मन मानेल तेथे जाऊन बसतो. या मुलांत तो एलएमओ-२ या जनुकाच्या शेजारी बसला होता आणि त्यामुळे ते जनुक अवेळी जागे झाले होते. एफडीएने तशा धर्तीचे सुमारे तीस प्रयोग थांबविले. समितीने फेब्रुवारी २००३ मध्ये भीती आणि आशा यांचे जे तोलमाप केले ते तिच्या प्रौढतेस शोभणारे होते : सर्व प्रयोग बंद करू नयेत, परंतु या विशिष्ट रोगात अस्थिमज्जारोपण निष्फळ ठरलेल्या अथवा योग्य दाता न मिळणाऱ्या बालकांपुरताच हा मार्ग ठेवावा. पुढे वाहक विषाणूंची रचना बदलली, शेजारची जनुके जागी करणारे त्यांचे टोकाचे भाग छाटण्यात आले, आणि आजच्या अनेक उपचारांत तेच छाटलेले वाहक वापरले जातात.

२०१० ते २०१९ : जनुकसंपादन आणि नामांतर

योजना वाढत गेल्या आणि त्यांतील बहुतेक परिचित साच्याच्या होऊ लागल्या. डिसेंबर २०१३ मध्ये लॉरेन्स गॉस्टिन यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने शिफारस केली की अपवादात्मक, म्हणजे नवे वाहक, नवे तंत्र किंवा अपरिचित धोका असणाऱ्या, योजनाच समितीपुढे याव्यात. संचालक फ्रान्सिस कॉलिन्स यांनी ती स्वीकारली आणि २०१६ मध्ये नियमावली तशी बदलली.

लागलीच तशी योजना आली. क्रिस्पर या जनुककर्तरीने माणसाच्या पेशी संपादित करून त्या रुग्णास देण्याचा अमेरिकेतील पहिला प्रस्ताव २१ जून २०१६ रोजी समितीपुढे होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातीलच कार्ल जून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मांडला होता. कर्करुग्णाच्या टी-पेशींतील तीन जनुके छाटून त्या पेशी अर्बुदावर सोडावयाच्या, हा त्याचा आशय. ज्या विद्यापीठाचे नाव १९९९ च्या सभेत घेतले गेले होते त्यानेच हे नवे पाऊल टाकावे यावर सभासदांनी नेमके प्रश्न विचारले : कर्तरीने भलतीकडे घाव घातला तर काय, आणि पेटंटांत ज्यांचा हितसंबंध आहे त्यांनी रुग्ण निवडावेत काय? समितीने अनुकूल अभिप्राय दिला. पहिल्या तीन रुग्णांचा वृत्तान्त फेब्रुवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. संपादित पेशी शरीरात कित्येक महिने टिकल्या आणि त्यांपासून गंभीर अपाय दिसला नाही, जरी रोग हटला नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनमधील शेनझेन येथील संशोधक हे जियानक्वी यांनी भ्रूणावस्थेतच जनुके संपादित केलेल्या जुळ्या मुलींच्या जन्माची वार्ता सांगितली तेव्हा जगभर संताप झाला, आणि पुढल्या वर्षाच्या अखेरीस त्यांस तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. अमेरिकेत अशा भ्रूणसंपादनास एनआयएच पैसा देणार नाही असे कॉलिन्स यांनी २०१५ मध्येच जाहीर केलेले होते. १९८५ चा तो 'तूर्त' लिहिणाऱ्यांस दूरदर्शी म्हणावयाचे की केवळ सावध, हा निर्णय वाचकांनी करावा.

एप्रिल २०१९ मध्ये नियमावली पुन्हा बदलून एकेका जनुकोपचार-योजनेची समितीपुढील छाननी समाप्त करण्यात आली. ते काम एफडीए, स्थानिक जीवसुरक्षा समित्या आणि नीतिमंडळे यांच्याकडे राहिले. समितीचे नामांतर होऊन ती सर्व प्रकारच्या नव्या आणि असाधारण तंत्रांवर सल्ला देणारी समिती, संक्षेपाने 'नेक्सट्रॅक', झाली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये तिची पहिली सभा भरली.

२०२० नंतर

नव्या नावाने समितीने प्रथम हाती घेतलेल्या विषयांपैकी एक जीन ड्राइव्हचा. डासासारख्या प्राण्यात एखादे जनुक असे बसवावयाचे की ते निम्म्या संततीत न उतरता जवळजवळ सर्व संततीत उतरावे आणि काही पिढ्यांत सबंध जातीत पसरावे, असे हे तंत्र. त्यावरील अहवाल २०२१ मध्ये आला, आणि त्यास अनुसरून नियमावलीत केलेला बदल ३० सप्टेंबर २०२४ पासून अमलात आला. असे प्राणी किमान दुसऱ्या पायरीच्या बंदोबस्तात ठेवण्याचे बंधन त्यात आहे. ज्या जिवाणूने निसटून जगू नये म्हणून कर्टिस झटले, त्याच्या अगदी उलट स्वभावाचा, म्हणजे निसटला तर पसरतच जाईल असा, जीव आता नियमावलीच्या पानांत येऊन बसला आहे.

उपचारांच्या बाजूस ८ डिसेंबर २०२३ रोजी सिकलसेलवर क्रिस्परने संपादित पेशींचा पहिला उपचार अमेरिकेत मंजूर झाला. विदर्भातील आणि सातपुड्यातील ज्या आदिवासी कुटुंबांत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्यांना या वार्तेचे मोल वेगळे सांगावयास नको. किमतीचा प्रश्न तेवढा डोंगराएवढा उभा आहे. भारतातही देखरेखीची चौकट याच पन्नास वर्षांत उभी राहिली. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली ५ डिसेंबर १९८९ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांनी प्रत्येक संस्थेत जीवसुरक्षा समिती आणि तिच्यावर केंद्रीय आढावा समिती असा क्रम लावून दिला, आणि २०१९ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जनुकोपचाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. पुढच्या पिढीत उतरणारे बदल त्यांतही निषिद्ध आहेत. पवईची आयआयटी आणि परळचे टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्याने सिद्ध झालेला 'नेक्सकार-१९' हा रक्तकर्करोगावरील पेशी-उपचार ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी मंजूर केला, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवई येथे त्याचे लोकार्पण झाले.

अमेरिकेतील स्थानिक जीवसुरक्षा समित्यांची इतिवृत्ते मागणी केल्यास द्यावीत, असा नियम जुनाच होता. पण मागावयास येणारे थोडे आणि देणारे त्याहून सावकाश. एनआयएचने आता असे ठरविले आहे की १ जून २०२५ पासून होणाऱ्या सभांची मंजूर इतिवृत्ते प्रत्येक संस्थेने आपल्या संकेतस्थळावर सर्वांस वाचता येतील अशी ठेवावीत, आणि समितीच्या सभासदांची यादीही तेथेच लावावी.